रिकामा झाला की आणून द्या

मित्रांनो, मी पोलादाचा आहे, आतून पोकळ आहे आणि तुमच्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठा आहे. पनवेलला उरण नाक्यावर मुबारकभाईंचं सोड्याचं दुकान आहे. तिथे काउंटरच्या मागे, साखळीने भिंतीला बांधलेला, काळा, उंच आणि गळ्याशी पितळी व्हॉल्व्ह असलेला जो गृहस्थ उभा असतो, तो मी. लोक मला गॅसचा सिलिंडर म्हणतात. सोड्यातले बुडबुडे माझ्या पोटातून येतात. श्रेय सगळं लिंबाला मिळतं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लालभडक तापलेला पोलादाचा ठोकळा दाबून, ओढून, ताणून मला आकार दिला. माझ्या अंगाला कुठेही सांधा नाही, आणि हे मी वरचेवर सांगत असतो. जन्मल्याबरोबर माझ्या पोटात पाणी भरून, कामावर सोसावा लागेल त्याहून बराच जास्त दाब देऊन पाहिला. मी फुटलो नाही. म्हणून माझ्या खांद्यावर नंबर आणि तारीख ठोकण्यात आली. आमच्यात बारसं असंच होतं. ही परीक्षा पुढे दर पाच वर्षांनी द्यावी लागते. तुमची परीक्षा दर वर्षी असते हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही नापास झालात तर तुम्हाला मधोमध कापून भंगारात घालत नाहीत. आम्हाला घालतात.

मी कामाला लागलो तेव्हा मुबारकभाई कुवेतहून नुकतेच परतले होते. तिकडे पाण्याच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात आपली उमर गेली, असं ते सांगतात. उमर इथे गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यात गेली, असं त्यांची बायको कुबराभाभी सांगतात. दुकान उघडताना त्यांनी दोन सिलिंडर घेतले. एक माझ्याहून जुना, त्याला सगळे थोरला म्हणत. दुसरा मी. एक मशीनवर आणि एक भरायला, असा आमचा पाळीपाळीचा संसार होता.

पनवेलमध्ये लग्नघरी सोड्याचं मशीन सिलिंडरसकट नेण्याची पद्धत आहे. मुबारकभाई देताना पावती लिहीत नसत, अनामत मागत नसत. एकच वाक्य बोलत, "रिकामा झाला की आणून द्या." या वाक्यात दिवस नाही, वार नाही. पण सोड्याच्या धंद्यात त्याची गरजही नाही, कारण लग्नातली माणसं सिलिंडर दोन पंगतींत रिकामा करतात. मी पुष्कळ लग्नं पाहिली. मोहल्ल्यातली पाहिली, इथल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलांची पाहिली, आगऱ्यांची तर विचारूच नका. आगऱ्यांच्या हळदीत मी सर्वांत लवकर रिकामा व्हायचो. का, ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

अशी माझी उमेदीची वर्षं चालली होती. आणि एका सकाळी रुचिरा दुकानात आली.

रुचिरा इंजिनियर होती. कळंबोलीच्या पलीकडे औद्योगिक वसाहतीत 'नभशुद्धी' नावाचा प्रकल्प उभा राहिला होता, तिथे ती कामाला होती. या प्रकल्पाचं काम सांगायला सोपं आहे. कारखान्याच्या धुराड्यातून जो धूर निघतो, त्याला एका द्रावणातून आंघोळ घालायची. त्या आंघोळीत धुरातला कर्बवायू द्रावणाला चिकटतो. मग द्रावण तापवलं की तो सुटा होतो. तो गोळा करायचा आणि जमिनीखाली खोल खडकात कायमचा कोंडून ठेवायचा, म्हणजे तो हवेत जाऊन पृथ्वीला ताप आणणार नाही. कल्पना चांगली आहे. मी त्याच वायूवर जगतो, म्हणून मला तर ती फारच चांगली वाटली.

"चाचा, आठवडाभरासाठी एक सिलिंडर द्या ना," रुचिरा म्हणाली. "परवा उद्घाटन आहे. आमची परदेशातून मागवलेली टाकी न्हावा शेवाला अडकली आहे."

"का अडकली?"

"ते रिकामं भांडं आहे की यंत्र आहे, हे कस्टमवाल्यांचं ठरत नाहीये. भांड्यावर कर वेगळा, यंत्रावर वेगळा."

"आणि ज्या विहिरीत गॅस सोडणार, ती?"

"ती खणलीच नाही अजून." रुचिराने सोड्याचा ग्लास खाली ठेवला. "वरची जमीन कंपनीची आहे. खालचं खनिज सरकारचं. पण खडकातली पोकळी कुणाची, ते कुठेच लिहिलेलं नाही. पोकळी म्हणजे जमीनही नाही आणि खनिजही नाही."

मुबारकभाईंना हे पटलं. पोकळ वस्तू सांभाळायला अवघड असते, हा त्यांचा रोजचा अनुभव होता. त्यांनी मला साखळीतून सोडवलं आणि सवयीने म्हणाले, "रिकामा झाला की आणून द्या."

मित्रांनो, या वाक्यात काय घोटाळा आहे, तो तेव्हा कुणाच्याच लक्षात आला नाही. माझ्याही नाही.

उद्घाटन थाटात झालं. मला पोपटी रंग दिला आणि पोटावर एक पान काढलं. आमच्या नियमांत रंग म्हणजे नाव असतं. कर्बवायूचा सिलिंडर काळा असावा लागतो. मला पोपटी रंगवणं म्हणजे तुम्हाला शाळेत दुसऱ्याच्या नावाने बसवण्यासारखं. पण मांडव पोपटी होता. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं, धुराड्यातला वायू माझ्या पोटात शिरला, टाळ्या झाल्या. माझ्या गळ्यात हार घातला. इतकी वर्षं लग्नांना गेलो, पण हार पहिल्यांदा मिळाला.

मग प्रमाणपत्राची वेळ आली. किती वायू कुठे कायमचा साठवला, याचं प्रमाणपत्र मिळालं तरच प्रकल्पाला पुढची मंजुरी होती. ते देणाऱ्या परवाना कक्षाचे साहेब सज्जन होते. त्यांच्या नमुन्यात 'तात्पुरता साठा' असा प्रकारच नव्हता. होता तो 'कायमचा साठा' आणि त्यापुढे 'साठवण स्थळ'. विहीर नव्हती. वायू तर होता, आणि तो माझ्या पोटात होता. साहेबांनी विचार केला आणि स्थळ म्हणून मलाच धरलं. स्थळाचा मालक कोण? सिलिंडर ज्याचा तो. म्हणून मुबारकभाई.

अशा रीतीने मी भूगर्भ झालो.

पुढच्या आठवड्यात माझा पंचनामा झाला. तलाठ्यांनी चतुःसीमा लिहून घेतल्या. पूर्वेस सायकल स्टँड, पश्चिमेस कुंपणाची भिंत, दक्षिणेस गटार, उत्तरेस मोकळी जागा. खोली किती, असा प्रश्न होता. तलाठ्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि 'निरंक' असं लिहिलं. पीकपाण्याचं ते काही बोलले नाहीत, एवढंच.

आठवडा झाला, महिना झाला. मुबारकभाई मला न्यायला आले तेव्हा कंपनीच्या वकिलाने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "देताना आपलं काय ठरलं होतं?"

"रिकामा झाला की आणून द्या, म्हटलं होतं."

"मग रिकामा झाला की देऊच," वकील म्हणाले. "पण तो कायमचा साठा आहे."

मुबारकभाई रिकाम्या हाताने परत गेले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तारीख वाचली. माझ्या परीक्षेला थोडेच महिने राहिले होते. इथे दुसरी गाठ बसली. परीक्षेला बसवायचं तर मला रिकामा करायला हवा. रिकामा करायचा तर साठा हवेत जाणार. साठा हवेत गेला की प्रमाणपत्र खोटं ठरणार. तोच वायू दुसऱ्या सिलिंडरमध्ये भरावा, असं रुचिराने सुचवलं. तिला लेखी उत्तर मिळालं की साठा स्थळाबाहेर नेणं म्हणजे गळती. परीक्षेची तारीख आली आणि गेली.

मग कंपनीने प्रकल्पाची मुदत संपल्याचं जाहीर केलं. पुढची देखभाल सरकारी कक्षाने करायची, असं पत्र लिहिलं, मला टेम्पोत घातलं आणि परवाना कक्षाच्या आवारात उतरवून टेम्पो निघून गेला. साहेब बाहेर आले तेव्हा रस्त्यावर फक्त धूर होता, तोही न पकडलेला.

"मी हा ताब्यात घेतलेला नाही," साहेब म्हणाले. "बरीच वर्षं गळती नाही, असं सिद्ध झाल्यावरच आम्ही ताबा घेऊ शकतो."

"मग तोवर कुणाचा?" शिपायाने विचारलं.

साहेब वळून आत गेले. त्यांना उत्तर माहीत नव्हतं असं नाही, ते अजून तयारच झालेलं नव्हतं. कर्बवायू सोड्यात गेला की खाण्यापिण्याची वस्तू. धुराड्यातून निघाला की प्रदूषण. सिलिंडरमध्ये बसला की दाबाखालच्या वायूंचे नियम. आणि जमिनीत कायमचा ठेवला की कायद्याचं पुस्तक पान उलटतं, आणि पुढचं पान अजून छापायचं आहे. मी त्या न छापलेल्या पानावर उभा होतो. जागा भिंतीलगत होती. शेजारीच, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, सोनाबाईची चहाची टपरी होती.

सोनाबाई उरणकडच्या गावातली. माझ्या सावलीत तिचं दुधाचं पातेलं थंड राहायचं. दुपारी ती माझ्या अंगाला पाठ टेकून डुलकी काढायची. "यो पोपट लय गुनी हाय," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "कोनाला काय बोलत नाय." दुर्लक्षाच्या त्या काळात माझ्याशी बरं वागणारं एवढंच माणूस होतं. माझा रंग उडाला, पान सोलवटलं, व्हॉल्व्हला गंज चढला. तिने मात्र मला कधी थुंकीने रंगू दिलं नाही. थुंकणाऱ्या एकाला तर तिने चहाच नाकारला होता.

तिकडे दुकानात थोरला परीक्षेत नापास झाला. त्याला कळंबोलीच्या लोखंड बाजारात नेऊन कापला. मुबारकभाईंनी नवा सिलिंडर आणायचं ठरवलं, पण तेवढ्यात दुकानाचा खाद्य परवाना नव्याने काढायची वेळ आली आणि तो अडला. मुबारकभाईंच्या नावावर एक 'वायू साठवण स्थळ' दिसत होतं. ज्याच्या नावावर असं चालू स्थळ आहे, त्याला सरबत विकू देता येत नाही, असं खिडकीवर सांगण्यात आलं. स्थळ नावावरून उतरवा, मग या. जुना परवाना मे महिन्याअखेर संपत होता. त्यानंतर शटर खाली.

"दुसरा काही धंदा करू," कुबराभाभी म्हणाल्या.

"या वयात मी काय शिकू? गप्पा मारण्याचा परवाना लागत नाही, तेवढंच येतं मला," मुबारकभाई म्हणाले आणि शुलामिथबाईंकडे गेले.

शुलामिथबाई पेणकर या ज्यू प्रार्थनालयाच्या गल्लीत राहत. उरणकडच्या एका वायू कंपनीत त्या कायद्याचं काम बघत आणि निवृत्तीनंतर घरीच वकिली करत. मुलं इस्रायलला होती, बोलवत होती. तिथे सोडा बेचव असतो, असं सांगून त्या जायचं टाळत. मुबारकभाई लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेले, म्हणून त्या त्यांना अरेतुरे करत.

"मुबारक, तू त्या पोरीला काय म्हणाला होतास?"

"नेहमीचंच. रिकामा झाला की आणून द्या."

"आणि तो रिकामा कधी होणार?"

"कधीच नाही म्हणतात."

"म्हणजे करार तू केलास, आणि तोही प्रलयापर्यंतचा." बाईंनी चष्मा काढला. "पुढच्या वेळी 'शुक्रवारी आणून द्या' म्हण."

त्यांनी अर्ज केले. परवाना कक्षात सुनावण्या झाल्या. मी खिडकीखालीच उभा होतो, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. साहेब बाईंना आदराने बसवत. "बाई, तुमचं सगळं मान्य आहे," ते म्हणत. "पण सिलिंडर सोडायचा म्हणजे साठ्याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी. ती हजार वर्षांची आहे. माझी नोकरी नऊ वर्षं उरली आहे. उरलेल्या वर्षांची सही मी कुणाच्या वतीने करू?"

"खरं आहे तुमचं," बाई म्हणत. आणि पुढची तारीख मिळे.

मेचा शेवटचा आठवडा आला. ऊन असं होतं की माझ्या अंगावर हात ठेवला तर चटका बसे. पोटातला वायू तापला की फुगतो. माझा व्हॉल्व्ह जुना, त्यातला वॉशर त्याहून जुना. शुक्रवारी दुपारी त्यातून बारीक 'सुस्स' असा आवाज येऊ लागला. साहेबांनी तो ऐकला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकी लावून घेतली. वाईट माणूस नव्हता. पण कायमच्या साठ्यातून आवाज येतो, हे कागदावर लिहिलं की पुढची प्रत्येक ओळ त्यांनाच लिहावी लागली असती. सोमवारी बघू, असं ते शिपायाला म्हणाले आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीवर गेले.

शनिवारी सकाळी मुबारकभाई मला पाहायला आले. दुकानाचे शेवटचे दोन-तीन दिवस उरले होते, मनाला चैन नव्हती. सोनाबाई माझ्याशेजारी बसून आलं कुटत होती.

"मुबारकशेट, यो तुमचा पोपट कालपासून बोलाया लागलाय," ती म्हणाली.

मुबारकभाईंनी कान लावला. मग लगेच रुचिराला फोन लावला. तिने आता खारघरला दुसरी नोकरी धरली होती, पण फोन उचलला. फोन स्पीकरवर होता.

"चाचा, परीक्षा चुकलेला सिलिंडर आहे आणि हे ऊन आहे. व्हॉल्व्ह उडाला तर भिंत फोडून जाईल. आणि हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. बसलेल्या माणसाला कळायच्या आत श्वास कोंडतो. तिथे कुणी बसतं का?"

मुबारकभाईंनी सोनाबाईकडे पाहिलं. "बसतं."

"मग आजच्या आज मोकळ्यावर नेऊन हळूहळू सोडायला हवा. पण चाचा," ती म्हणाली, "कुणी सोडला ते विचारतील. परवाना कायमचा जाईल तुमचा. मी इथून कुणालातरी फोन करून बघते."

तिने फोन केले. कार्यालयं बंद होती. जिथे उचलला गेला, तिथे वायू कुणाचा आहे, असं विचारण्यात आलं.

मुबारकभाई शुलामिथबाईंच्या दारी गेले. ही हकीकत त्यांनी मला नंतर सांगितली. दुकानात कुणी नसलं की ते माझ्याशी बोलतात. बाईंनी दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

"मुबारक, आज शब्बाथ आहे, कामाला सुट्टी. आज मी वकील नाही."

"मग कोण आहात?"

"आज नुसती शेजारीण."

"शेजारीण म्हणूनच विचारतो. सिलिंडर गळतोय. सोनाबाई त्याच्या शेजारी बसते. गॅस सोडला तर दुकान गेलं, नाही सोडला तर..." 

बाईंनी दाराची कडी धरली. मग म्हणाल्या, "शेजारीण एवढंच सांगेल, आधी त्या बाईला तिथून उठव." आणि दार लावून घेतलं.

मुबारकभाई दुकानातून पाना घेऊन आले. पहारेकऱ्याला म्हणाले, "माझा सिलिंडर आहे, रिकामा करतोय." तीन वर्षांत 'माझा' असं म्हणणारा तो पहिलाच माणूस होता, म्हणून पहारेकऱ्याला अडवायचं सुचलं नाही.

सोनाबाई मात्र अडून बसली. "मी नाय उठायची. सायेब बोल्ले व्हते, कायमचा हाय, त्याला काय व्हत नाय."

"सोनाबाई, उठा. टपरी हलवायची आहे."

"आनी दूध? चुलीवर दूध हाय माजा."

"दुधासकट उठा."

"उतू गेला तर तुमी भरनार?"

"मी भरीन. आधी उठा."

ती पातेलं घेऊन उठली, बडबडत रस्त्यापलीकडे गेली. पहारेकऱ्याने तिचा बाक उचलला. दोघांनी मला तिरका करून, कडेवर गोल गोल फिरवत आवाराच्या मोकळ्या कोपऱ्यात नेलं, भिंतीपासून आणि गटारापासून लांब. मुबारकभाईंनी फाटकाबाहेर कुणी थांबू नये म्हणून पहारेकऱ्याला उभं केलं, नाकाला रुमाल बांधला (त्याचा काही उपयोग नसतो, पण धीर येतो), आणि व्हॉल्व्ह जरासा फिरवला.

मित्रांनो, मोकळं होणं कसं असतं, ते सांगणं कठीण आहे. पांढरा झोत निघाला. मेच्या उन्हात माझ्या गळ्यावर बर्फ जमला. मुबारकभाई थोडं सोडत, लांब जाऊन उभे राहत, परत येत, पुन्हा थोडं सोडत.   वायू जमिनीलगत पसरला आणि खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर विरून गेला. हजार वर्षांचा साठा जेवणवेळेपर्यंत संपला.

पातेलं उचलेपर्यंत सोनाबाईचं दूध उतू गेलं होतं. तिने ते बोलून दाखवलं, आणि मुबारकभाईंना चहा दिला तो काळा.

सोमवारी सुनावणी झाली. शुलामिथबाई पुन्हा वकील होत्या. "कुणाच्या सल्ल्याने केलंस हे?" त्यांनी सगळ्यांसमोर मुबारकभाईंना विचारलं.

"शेजारणीच्या."

"शेजारीण बरी दिसते. वकिलाने अजून दोन तारखा घेतल्या असत्या."

साहेबांनी फाईल उघडली आणि कपाळ धरलं. गळती लिहिली तर प्रमाणपत्र खोटं, आणि त्यावर सह्या करणाऱ्या सगळ्यांची चौकशी, प्रमुख पाहुण्यांसकट. गळती नाही लिहिली, तर साठा कुठे आहे?

"साहेब, जे झालं तेच लिहा," बाई म्हणाल्या. "स्थळाच्या मालकाने धोका टाळण्यासाठी स्थळ रिकामं केलं आणि बंद केलं."

"आणि वायू गेला, त्याचं काय? त्याची भरपाई कोण मागणार?"

"वायूचा मालक. तो कोण, ते कळवा. मी त्याला उत्तर देते."

साहेबांनी फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. कंपनीचं पत्र होतं की वायू आमचा नाही. त्यांचं स्वतःचं पत्र होतं की आमचा नाही. मुबारकभाईंचा तर तो कधीच नव्हता.  मग साहेबांनी मुबारकभाईंकडे बघितलं. "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," मुबारकभाई म्हणाले. "अजून वाटतेय. काय लिहिताय ते सांगा."

साहेबांनी लिहिलं. 'साठवण स्थळ रिकामे करून बंद करण्यात आले. बंद स्थळाची देखरेख मालकाने करावी. वर्षातून एकदा गळतीची पाहणी व्हावी.' चालू स्थळाला खाद्य परवान्याची अडचण होती, बंद स्थळाला नव्हती. परवाना मुदतीच्या शेवटच्या दिवशी मिळाला. आणि मी रिकामा झालो होतो, त्यामुळे मला परत देण्यालाही कुणाची हरकत उरली नाही.

मला परीक्षेला नेलं. पोटात पाणी, पाण्यावर दाब. इतकी वर्षं ऊनपावसात उभा राहिल्यावर मला स्वतःची खात्री नव्हती, आणि थोरल्याची आठवण येत होती. मुबारकभाई बाहेर बाकावर बसून राहिले. मी पास झालो. नवा व्हॉल्व्ह बसला, खांद्यावर नवी तारीख ठोकली आणि मला पुन्हा काळा रंग दिला. सोनाबाई दुकानात येऊन मला बघून गेली. "काला झालास रं," ती म्हणाली. तिला पोपटीच बरा वाटत होता.

आता दर वर्षी एक अधिकारी बंद स्थळाची पाहणी करायला दुकानात येतात. काउंटरच्या आत येऊन माझ्याभोवती एक फेरी मारतात. मग उन्हातून आल्यामुळे बाकावर बसतात, आणि मुबारकभाई त्यांना जिरा सोडा देतात. तो ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पितात. मग एक मोठी, समाधानाची ढेकर येते. रुमालाने ओठ पुसून ते 'गळती आढळली नाही' असं लिहितात आणि सही करतात. गेल्या वर्षी दोन ग्लास झाले, तेव्हा सही जरा मोठी आली होती.

मित्रांनो, मी काही शिकलेला नाही. हा वायू जमिनीत कोंडणारे लोक वाईट असतात, असंही माझं म्हणणं नाही. रुचिरा चांगली मुलगी आहे, आणि तिच्यासारख्यांचं काम कधीतरी व्हायलाच हवं. पण कुणी एखादी गोष्ट कायमची ठेवली असं सांगितलं, तर तिच्याकडे रोज कोण बघणार, त्याचं नाव आणि राहण्याचं ठिकाण विचारून घ्या. आणि कधी उरण नाक्यावर आलात, तर माझ्या खांद्यावरची तारीख वाचा. उलटून गेली असेल तर मुबारकभाईंना सांगा, ते रागावत नाहीत. अक्षरं बारीक आहेत, काउंटरवरून दिसत नाहीत. आत या आणि वाकून बघा.